दोन दिवे एकदम विझतात: जुन्या गाडीच्या डॅशबोर्डाच्या नोंदी

६ जानेवारी

आज वही काढली, कारण कुठली वायर कधी सोडली हे डोक्यात ठेवून भागेना. गाडी १९८० च्या दशकातली, चार सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. घेऊन सात महिने झाले. मूळ इंजिन आता तिच्यात नाही. त्याच घराण्यातलं पण बऱ्याच नंतरचं इंजिन कुणीतरी आधीच बसवलेलं आहे. इंजिन गोड चालतं. डॅशबोर्ड मात्र आपल्याच तंद्रीत असतो.

आजची परिस्थिती: तापमानाचा काटा खाली झोपलेला, सात महिन्यांत एकदाही उठलेला नाही. पेट्रोलचा काटा भलताच आशावादी. चाळीस लिटरची टाकी पार कोरडी झाल्यावर दहा लिटर मोजून ओतले, तर स्वारी अर्ध्यावर. स्पीडोमीटर तीस-चाळीसच्या दरम्यान थरथरतो. ऑइलचा दिवा आणि चार्जिंगचा दिवा चावी फिरवली की लागतात, इंजिन सुरू झालं की विझतात. या दोघांपुढे बरोबरची खूण केली.

जुनं मीटर काढून दुसरं बसवायचा मोह झाला होता. पण काटा चुकतोय म्हणजे काटाच बिघडलाय, असं कशावरून? तो बिचारा खालून जे येतं तेवढंच दाखवतो. म्हणून सुरुवात इंजिनाकडून.

७ जानेवारी

तापमानाच्या काट्याची वायर सापडली. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणाच्या, मागे, वायरिंगच्या जुडग्यात खोचून ठेवलेली, टोकाला टेप. म्हणजे काटा बिघडलेला नव्हता, त्याला कुणी विचारतच नव्हतं.

काटा जिवंत आहे का हे बघायला वायरचं टोक सरळ बॉडीला टेकवण्याची पद्धत आहे. मी तसं करत नाही. या काळातले काटे द्विधातूच्या पट्टीवर चालतात: पट्टीभोवती बारीक तार गुंडाळलेली असते, तार तापली की पट्टी वाकते आणि काटा ढकलते. असा थेट अर्थ, म्हणजे बॉडीशी जोड, दिला तर तारेतून गरजेपेक्षा जास्त करंट जातो, आणि विसरून तसंच राहिलं तर ती तार जळते. म्हणून मध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट रोखून धरणारा तुकडा, घातला. एक वॉटचा घ्यावा. पाव वॉटचा आधी लावला होता, तो हातात धरवेना.

चावी फिरवली. काटा सावकाश उठला, अर्ध्या मिनिटात मध्य ओलांडून लाल पट्टीला टेकायला आला. जिवंत आहे! जरा जास्तच वर गेला असं वाटलं, पण रेझिस्टरचा अंदाज चुकला असेल म्हणून सोडून दिलं.

मग सेन्सर कुठे आहे? हेडवर एकच आहे, दोन पिनांचा, त्याच्या सॉकेटमध्ये काहीच जोडलेलं नाही. हे इंजिन मुळात इंजेक्शनचं, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारून चालणारं, असणार, आणि तो त्याच्या कंट्रोल युनिटसाठीचा सेन्सर. इथे कार्ब्युरेटर आहे, त्यामुळे तो नुसताच भोक बुजवून बसलाय. त्यालाच काट्याची वायर का जोडू नये? मल्टिमीटर लावून पाहिलं: थंड इंजिनावर जवळजवळ अडीच हजार ओहम, इंजिन गरम झाल्यावर दोनशेच्या थोडं वर. आपल्या काट्याला गरम पाण्यावर चाळीस-पन्नास ओहम लागतात. दोनशे ओहमवर तो जेमतेम कूस बदलेल. दोघंही तापमानच मोजतात, पण भाषा वेगळी.

१० जानेवारी

एका वायरीचा, काट्यासाठीचा सेंडर, म्हणजे काट्याला तापमान कळवणारा सेन्सर, मिळवला. आटे जुन्या सेन्सरसारखेच, १२ मिलिमीटर व्यास, दीड मिलिमीटर पिच, म्हणजे दोन वेढ्यांमधलं अंतर. हे आधी कॅलिपरने आणि पिच गेजने तपासलं. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये "बसतोय, जरा जोर लाव" हा प्रकार करायचा नसतो.

बसवण्याआधी भांड्यात पाणी घेऊन सेंडर दोऱ्याने लोंबकळत ठेवला, फक्त खालचं टोक बुडेल असा. शेजारी थर्मामीटर, मीटरची एक वायर सेंडरच्या पिनला, दुसरी त्याच्या अंगाला. मुलगी आकडे लिहून घेत होती. २५ अंशांना ५२० ओहम. ६० ला १३४. ८० ला ७०. पाणी उकळायला लागल्यावर ३९. तापेल तसा रोध उतरतो, आणि सुरुवातीला धाडकन उतरतो, नंतर हळूहळू. पण मोठ्या रोधावर काटा फारसा हलत नाही, म्हणून अशा काट्यांवर खालच्या भागातले अंश दाटीवाटीने असतात आणि मधला भाग महत्त्वाचा असतो.

"बाबा, हे भांडं परत आत ठेवायचंय का?" असं तिने विचारलं. उत्तर देण्याचं टाळलं.

१२ जानेवारी

सेंडर बसवला. इंजिन थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून, थोडं कूलंट काढून. गळू नये म्हणून टेफ्लॉन टेप लावली. एक वेढा पुरला असता. मी चार दिले.

इंजिन गरम झालं, रेडिएटरचा वरचा पाइप हात लावू देईना, आणि काटा आपला थंडीत कुडकुडतोय. अर्धा तास वायर शोधण्यात गेला. शेवटी मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी सेंडरच्या षट्कोनावर टेकवली: ८० ओहम, आणि पान्याने जरा हलवलं की दीडशे. एका वायरीच्या सेंडरचा परतीचा रस्ता त्याच्या आट्यांतूनच असतो, आणि मी तिथेच चार पदरी गालिचा अंथरला होता. टेप काढली, आटे पुसले, तांब्याचा वॉशर घातला. शून्य पूर्णांक दोन ओहम. गळतही नाही.

१३ जानेवारी

काटा चालतो. नको तितका चालतो.

दहा मिनिटांत लाल पट्टीत गेला. छातीत धस्स झालं, इंजिन बंद केलं. पण उकळण्याचा आवाज नाही, पाइप दगडासारखे फुगलेले नाहीत. इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. चकचकीत धातूवर तो हमखास कमी दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला. ८६ अंश. थर्मोस्टॅटवर ८२ चा शिक्का आहे, म्हणजे तेवढ्या अंशांना तो रेडिएटरची वाट उघडू लागतो, म्हणजे इंजिन अगदी सुखात. सेंडरची वायर सोडून ओहम मोजले: ६०. भांड्यातल्या आकड्यांशी तंतोतंत.

सेंडर खरं बोलतोय, काटा वाढवून सांगतोय. आणि पेट्रोलचा काटाही वाढवूनच सांगतो. आणि परवा रेझिस्टरवरही तो गरजेपेक्षा वर गेला होता, जे मी पाहिलं आणि दुर्लक्ष केलं.

दोन काटे एकाच दिशेने चुकत असतील तर दोघांत जे सामाईक आहे तिथे जायचं. टाकीतला फ्लोट बाहेर काढायचा बेत होता, पेट्रोलच्या वासासकट, तो रद्द. फक्त टाकीवरची वायर सोडून ओहम पाहिले आणि गाडी मागून हलवली. आकडा डुलत होता. फ्लोट तरंगतोय.

१८ जानेवारी

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मीटरचा अख्खा डबा बाहेर घेतला. मागे स्पीडोमीटरची केबल हात घालून सोडावी लागते, मनगटाची साल तिथेच राहिली. डब्याच्या पाठीवर प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर तांब्याच्या पट्ट्या आहेत. एकदोन ठिकाणी उचलल्यात पण तुटलेल्या नाहीत.

सामाईक गोष्ट म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर. काडेपेटीपेक्षा लहान पत्र्याची डबी. गाडीचं व्होल्टेज इंजिन बंद असताना १२.४ आणि चालू असताना १४ च्या वर, म्हणजे काट्यांना त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून ही डबी त्यांना सरासरी १० व्होल्ट देते. आतही द्विधातूची पट्टीच: तापली की संपर्क सुटतो, थंड झाली की जुळतो, असं सतत चालू-बंद. काटे इतके आळशी की त्यांना तो झटका कळतही नाही, त्यांना फक्त सरासरी कळते.

आता गंमत. त्या पट्टीला तापवणाऱ्या तारेचा परतीचा रस्ता डबीच्या अंगातून, डबी ज्या स्क्रूने बसते त्या स्क्रूमधून जातो. आमच्या डबीला स्क्रूच नाही. स्क्रू हरवला असणार, आणि कुणीतरी ती मऊ फोमच्या दुहेरी टेपने चिकटवून टाकली. किती व्यवस्थित! हलत नाही, वाजत नाही, आणि अर्थही नाही. पट्टी तापतच नाही, संपर्क सुटतच नाही, आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज काट्यांना जातं.

हिशोब जुळवून पाहिला. अशा काट्याची हालचाल उष्णतेवर, म्हणजे व्होल्टेजच्या वर्गावर. १० ऐवजी १४ मिळाले तर १.४ चा वर्ग, १.९६. जवळजवळ दुप्पट. चाळीसच्या टाकीत दहा लिटर असताना काटा अर्ध्यावर का होता, हे एका ओळीत सुटलं. इंजिन सुरू केल्यावर पेट्रोल वाढल्यासारखं का दिसायचं, हेही.

टेप खरवडून काढली, बैठकीवरचा रंग पॉलिश पेपरने घासला, स्क्रू लावला. डबा तात्पुरता जोडून, त्याची अर्थची वायर लावून, डबीच्या बाहेर जाणाऱ्या पिनवर मीटर ठेवला. आधी चिकटवलेल्या अवस्थेत १२.४ वर ठाम होता. आता शून्य, बारा, शून्य, बारा अशी नाचानाच. डिजिटल मीटरवर हेच अपेक्षित आहे, स्थिर १० दिसणार नाही. तिथे ७८१० हा तीन पायांचा रेग्युलेटर बसवण्याची पद्धत चांगली आहे, स्थिर १० देतो आणि त्याचा पत्रा थेट बॉडीला कसता येतो. पण जुनी डबी काम करत असताना मी ती काढणार नाही.

पेट्रोल पाव टाकीच्या जरा वर. तापमान मध्याच्या किंचित खाली, आणि तिथेच.

१९ जानेवारी

डबा परत बसवला. दोन्ही काटे बरोबर, म्हणून मुलीला पुढे बसवलं आणि इंजिन सुरू केलं, कौतुक करून घ्यायला. तिने काट्यांकडे पाहिलंच नाही.

"बाबा, हे दोन दिवे एकदम विझतात."

"विझणारच. इंजिन सुरू झालं ना."

"नाही, एकदम म्हणजे एकदम. एकच दिवा असल्यासारखे. परत करा."

परत केलं. मग मी स्वतः केलं, पाच वेळा. खरंच, एका श्वासात. आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं संथ चालू असताना, थोडे मिणमिणले तरी दोघे सोबत मिणमिणतात.

असं व्हायला नको. चार्जिंगचा दिवा अल्टरनेटर वीज तयार करायला लागला की विझतो, ऑइलचा दिवा तेलाचा दाब चढला की. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. गाडी रात्रभर उभी असेल तर पंपाला तेल वर चढवायला क्षणभर लागतो, दिवा थोडा रेंगाळतो. सात महिने मी हे दिवे रोज बघतोय आणि सहा तारखेला त्यांच्यापुढे बरोबरची खूणही केली.

बोनेट उघडून ऑइल प्रेशर स्विच शोधला. फिल्टरच्या वर त्याची जागा आहे. तिथे स्विच नाही. पितळी बूच आहे.

२० जानेवारी

एक साधी चाचणी. अल्टरनेटरच्या मागची दिव्याची बारीक वायर काढली, इंजिन बंद ठेवून चावी फिरवली. चार्जिंगचा दिवा लागायला नको, लागला नाही. ऑइलचा दिवा लागायला हवा.

तोही नाही लागला.

वायरिंगवरची टेप सोलत गेलो. जुनी टेप घट्ट, वाळलेली. मग एका ठिकाणी चार बोटं लांबीची नवी टेप, अजून चिकट, बोटांना काळा गोंद लागला. तिच्या खाली निळा प्लास्टिकचा चिमटा, जो दोन वायरी शेजारीशेजारी दाबून आतल्या पात्याने जोडतो. एक वायर अल्टरनेटरच्या दिव्याची. दुसरी ऑइलच्या दिव्याची, पुढे कापलेली.

करणाऱ्याची अक्कल मानायला हवी. चावी दिली की अल्टरनेटरचं ते टोक रोटरमधून, म्हणजे आतल्या फिरत्या वेटोळ्यातून, जवळजवळ अर्थ असतं, म्हणून दोन्ही दिवे लागतात. अल्टरनेटर फिरायला लागला की त्याच टोकावर १४ व्होल्ट येतात, दिव्यांच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज होतं, दोघे विझतात. बघणाऱ्याला वाटतं तेलाचा दाब आला. इंजिनात थेंबभर तेल नसतं तरी हा दिवा तसाच विझला असता.

इंजिन बदलताना स्विच मिळाला नाही म्हणून केलेली तात्पुरती सोय, की विकताना डॅशबोर्ड नीट दिसावा म्हणून? मला माहीत नाही, आणि विचारायला जाणार नाही. पण दिवा नुसता बंद ठेवला असता तर मी पहिल्याच दिवशी शोधला असता. म्हणून राग त्या चिमट्याचा आहे.

दाब मोजेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही.

२४ जानेवारी

बुचाचे आटे. वरवर पाहता एक अष्टमांश इंचाचा पाइपचा आटा वाटतो, पण दहा मिलिमीटर व्यासाचा एक मिलिमीटर पिचचा आटाही दिसायला जुळा भाऊ. पाइपच्या ब्रिटिश आट्यात इंचाला २८ वेढे, म्हणजे पिच ०.९०७ मिलिमीटर. एक-दोन वेढे दोन्ही एकमेकांत जातात, मग अडतात, आणि तिथे पाना लावणारा ब्लॉक गमावतो. पिच गेजचं १ मिलिमीटरचं पान फटीशिवाय बसलं. मेट्रिक.

स्विचच्या आधी यांत्रिक प्रेशर गेज लावला, नळीवाला. तेलाची पातळी तपासली, इंजिन सुरू केलं. मी गेजकडे, मुलगी चावीवर हात ठेवून, "बंद" म्हटलं की बंद करायला.

काटा एक सेकंद शून्यावर. फार लांब सेकंद होता तो.

मग ४ बार. थंड तेलावर ठीक. वीस मिनिटं चालवून तेल गरम होऊ दिलं: आयडलिंगला १.२, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना २.९. जुना ठोकताळा दर हजार फेऱ्यांना साधारण ०.७ बार असा आहे. त्याच्या दुपटीच्या आसपास आहोत. इंजिनाने सात महिने आपली काळजी आपणच घेतली.

२५ जानेवारी

स्विच बसवला. आधी मीटरने पाहिलं: दाब नसताना पिन आणि अंग यांच्यात शून्य ओहम, म्हणजे संपर्क जुळलेला. ०.३ ते ०.५ बारच्या दरम्यान उघडतो असा हा स्विच. दाब गेजसाठीचा सेंडर दिसायला तसाच पण बराच जाडजूड असतो, आत बदलता रोध असतो. तो दिव्याला लावून उपयोग नाही. यावेळी टेफ्लॉन टेप नाही.

चिमटा काढला. ऑइलची वायर नव्या तुकड्याने सोल्डर करून, वर उष्णतेने आवळणारी नळी घालून स्विचपर्यंत नेली. अल्टरनेटरच्या वायरवर पात्याने पाडलेली खाच होती, तीही दुरुस्त केली.

चावी दिली: ऑइलचा दिवा लागला. वायर स्विचवरून ओढली: विझला. परत लावली: लागला. इंजिन सुरू: विझला.

चार्जिंगचा दिवा मात्र आता विझेना.

२७ जानेवारी

दोन दिवस स्वतःला दोष देत होतो की वायर दुरुस्त करताना काहीतरी मोडलं. बॅटरीवर इंजिन चालू असताना १२.३ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग नाहीच. अॅक्सिलरेटर दाबून अडीच हजारांवर नेलं की दिवा विझतो, १४.२ येतात, आणि मग आयडलिंगलाही टिकतात. इंजिन बंद करून परत सुरू केलं की पुन्हा तेच.

म्हणजे अल्टरनेटर धडधाकट आहे, त्याला सुरुवातीचा धक्का मिळत नाहीये. तो धक्का चार्जिंगच्या दिव्यातूनच जातो: बल्बमधून येणारा करंट रोटरला पहिलं चुंबकत्व देतो. बल्ब नुसता इशारा देत नाही, कामही करतो.

डबा पुन्हा बाहेर. मनगटाची दुसरी साल. चार्जिंगच्या होल्डरमध्ये एलईडी निघाला. तो जेमतेम वीस मिलिअँपिअर जाऊ देतो, तर दोन-अडीच वॉटचा तारेचा बल्ब त्याच्या आठ-दहा पट.

मग सात महिने चार्जिंग सुरू कसं होत होतं? ऑइलच्या दिव्याच्या बल्बमुळे. तो साधा तारेचा आहे, आणि त्या निळ्या चिमट्यामुळे त्याचा करंट अल्टरनेटरला जात होता. एका बनवाबनवीवर दुसरी चूक टेकून उभी होती, आणि मी पहिली काढल्यावर दुसरी कोसळली. हसू आलं, खरं सांगतो.

२.२ वॉटचा तारेचा बल्ब घातला. पहिल्याच फिरकीला १४.१.

डबा बाहेर होताच, म्हणून स्पीडोमीटरची केबल वरच्या टोकातून ओढून काढली, पुसली, खालच्या दोन तृतीयांश भागालाच ग्रीस लावलं. वरपर्यंत लावलं तर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढतं, चुंबकाच्या वाटीत शिरतं आणि काटा कायमचा चिकटतो. थरथर गेली आहे. नव्वद टक्के.

२ फेब्रुवारी

आठवडाभर रोज चालवली. तापमान मध्याच्या किंचित खाली, चढावर थोडं वर, परत खाली. हातातला थर्मामीटर आणि काटा जुळतात. मोजून दहा लिटर आणखी भरले, पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या रेघेवर, केसभर वर.

काढलेला पितळी बूच आणि निळा चिमटा एका वेगळ्या डब्यात ठेवलेत, इंजेक्शनचा तो दोन पिनांचा सेन्सरही. बाकी काम: डॅशबोर्डाच्या उजेडाचे दोन बल्ब, आणि डब्यामागच्या उचललेल्या तांब्याच्या पट्ट्या.

आज सकाळी थंड इंजिन सुरू केलं तेव्हा मुलगी शेजारी होती. आधी चार्जिंगचा दिवा गेला. मग ऑइलचा.

"आता दोन आहेत," ती म्हणाली, आणि पट्टा लावला.